लेथवर फोडलेला नारळ

रंगनाथ लोहाराच्या तोंडून खरं बाहेर पडायचं ते चुकून, ठेच लागल्यावर शिवी निघते तसं. चिंचखेडच्या पारावर तो टेकला की माणसं कामं टाकून जवळ सरकायची. त्याच्या आज्यानं घडवलेल्या विळ्याला म्हणे अशी धार होती, की एका गड्याचा विळा निसटून स्वतःच्याच सावलीवर पडला. गडी संध्याकाळी घरी पोचला, सावली मात्र बांधावरच राहिली. दुसऱ्या दिवशी बायकोनं पाटीत घालून आणली. हे सांगताना रंगनाथाच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलायची नाही.

पण दुष्काळाच्या त्या साली खऱ्या गोष्टीच थापांच्या पुढे गेल्या. सलग दुसऱ्या वर्षी गर्भगिरीचा डोंगर भाजलेल्या ढेकळासारखा उघडा पडला. कावळे विहिरीत उतरायचे आणि कोरड्या चोचीनं वर यायचे. लोकांनी बैल बाजारात नेले, काहींनी दावं सोडून नुसतेच हाकलून दिले. बैल गेले तिथं फाळ कोण पाजवणार? लोहाराच्या भात्यावर कोळ्यानं जाळं केलं. रंगनाथानं ऐरण डोक्यावर घेतली आणि सरकारी पाझर तलावाच्या कामावर जाऊन बाभळीखाली भाता मांडला. दिवसभर बोथट झालेल्या पहारी आणि टिकाव यायचे, तो लाल करून, ठोकून, पाणी देऊन परत करायचा. त्याची बायको कडूबाई मातीच्या पाट्या वाहायची. घरी रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, खाल्ली की घशात भुशासारखी बसायची.

ह्या सगळ्यात एकच गोष्ट बरी घडली होती. त्यांचा गोरक्ष जर्मनच्या शाळेत होता.

नगरच्या अलीकडे माळावर ती शाळा उभी राहिली होती. जागा इथल्या लोकांची, मशिनी जर्मनीतून बोटीनं आलेल्या, शिकवणारे दोन्हीकडचे. दोन वर्षं राहायचं, खायचं, लोखंड कातायला शिकायचं, आणि पास होईल त्याला नगरच्या नव्या कारखान्यात घ्यायचं, असं बोलणं झालेलं. मागच्या उन्हाळ्यात तिथले याकोब मास्तर जीप घेऊन गावोगाव कारागिरांची पोरं हेरत फिरले. रंगनाथाच्या घरी बसून त्यांनी भाकरी खाल्ली, गोरक्षचे हात उलटेसुलटे करून बघितले, आणि त्याला घेऊन गेले.

तेव्हापासून रंगनाथाला बोलायला रान मोकळं मिळालं. मोठ्या साहेबाचं नाव हान्स. रंगनाथानं त्याचं हंसराज करून टाकलं.

"हंसराज सायेब केसाची जाडी मोजतो," तो बाभळीखाली भाता ओढत सांगायचा. "परवा माझ्या गोरखचा केस मोजला न् म्हनला, ह्या केसाला मधी फुगवटा आलाय, आईला म्हनावं डोक्याला त्याल लाव."

"आन् तू कवा गेल्तास रं बगायला?" बन्सी मुकादम विचारायचा. हा बन्सी त्यांच्याच गावचा, तोंडाचा फटकळ.

"मला काय गरज? सायेबच बलावतोय. खंडेनवमीला मशिनीची पूजा लोहाराच्या हातचीच पायजे, आसं म्हनलाय."

"मग त्या नारळाचा परसाद आन आमाला. न्हाई आनलास तर तुजं नाव मी हंसराज ठिवतो."

बायका पाट्या खाली ठेवून हसल्या. कडूबाई हसली नाही. तिला नवऱ्याचं तोंड ठाऊक होतं आणि त्याचे पायही. तोंड जिथं गेलं तिथं मागून पाय न्यायची त्याला खोड होती.

खंडेनवमीला काम बंद होतं. रंगनाथानं सकाळी ऐरणीला हळदकुंकू वाहिलं, पण नारळ फोडला नाही. तो धोतराच्या सोग्यात बांधला. पिशवीत आज्याच्या हातचा हातोडा घातला, सवयीनं एक कानस घातली, आणि नगरची यष्टी धरली.

शाळेच्या फाटकाशी कुणी नव्हतं. पोरं पलीकडे आंघोळी करत होती. साहेब पुण्याला गेलेला. याकोब मास्तर ख्रिस्ती. पूजेचं पोरांचं पोरांनी बघावं म्हणून किल्ली गोरक्षकडे देऊन ते घरी जेवायला गेले होते. पडवीत टेबल मांडून गोरक्ष त्यावर पान्हे, कानशी, हातोड्या ओळीनं लावत होता. अंगात निळा डगला. रंगनाथाला आधी तो ओळखूच आला नाही. मग चालीवरून ओळखला.

"दादा, तुमी कामून आलात?"

"का? यायचं न्हाई?"

"तसं न्हाई. आई बरी हाय ना?"

"बरी हाय. नारळ फोडतो मशिनीवर न् जातो माघारी."

गोरक्षनं इकडंतिकडं बघितलं. "हितं टेबलाशी फोडा, दादा. सायेबानं बजावलंय, पूजा हत्यारांची करा, मशिनीला शिवायचं न्हाई. आन् बाहेरचा मानूस आत घेतला, की घेनाराचं नाव त्याच दिवशी कमी. मागं एका पोरानं चुलतभावाला आत नेलं, पितळंचे तुकडं गेलं. त्याला वळकटीसकट फाटकाबाहेर काढला."

"मी बाहेरचा?" रंगनाथ म्हणाला.

त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, गोरक्षनं त्याला परत धाडलं असतं. पण म्हाताऱ्यानं नुसतं तेवढंच विचारलं आणि सोग्यातल्या नारळावर हात ठेवून उभा राहिला. गोरक्षनं दार उघडलं.

आत तेलाचा गार वास होता. हिरव्या रंगाच्या मशिनी एका ओळीत, दावणीला बांधलेल्या जनावरांसारख्या. रंगनाथ आपोआप पायताण काढून आत शिरला. गोरक्ष शिकायचा ती लेथ, लोखंड कातायची मशीन, खिडकीशी होती. तिच्या आडव्या लांब बेडवर, गुळगुळीत लोखंडी पाटावर, खिडकीतला उजेड पाण्यासारखा पसरला होता. रंगनाथानं तिच्यावर हात फिरवला आणि बराच वेळ काढला नाही. त्यानं आयुष्यात एवढं सपाट काही बघितलं नव्हतं. पाणीसुद्धा वाऱ्यानं हलतं.

त्यानं मशिनीच्या डोक्याला हळदकुंकू लावलं. नारळ बेडवर ठेवला, डाव्या हातानं धरला, उजव्यानं हातोडा काढला. त्याच्या घरात सात पिढ्या नारळ ऐरणीवर ठेवून हातोड्यानं फुटत आला होता. दगडावर आपटून फोडायचा तो इतरांनी. आणि लोखंडाचं काम जिच्यावर होतं ती ऐरण. ह्यात विचार करण्यासारखं त्याला काही दिसलंच नाही.

"दादा, ती ऐरण न्हाई," गोरक्ष म्हणाला, पण तोवर हातोडा खाली आला होता.

पहिल्या घावाला नारळ तडकला. दुसऱ्या घावाला निसटला, आणि हातोड्याची कड बेडवर बसली. आवाज बारीक झाला, ताटात चमचा पडावा एवढाच.

गोरक्षनं धावत फडकं आणलं, नारळाचं पाणी टिपलं, तेल फिरवलं. मग बोट फिरवलं. एके जागी बोट थांबलं. ज्वारीच्या दाण्याएवढा खळगा, आणि त्याच्या कडेला वर आलेलं लोखंड.

"मास्तरला सांगू, दादा. ते काय तरी करतील."

"मास्तर कशाला? एवढ्याशाला?" रंगनाथानं कानस काढली. "आरं, फाळाला पडलेलं बोटबोट खाचं काढलेत मी."

"नगं दादा. ह्याला हात लावू नगा."

"तू गप. उजेड आडवू नगंस."

त्यानं कानस लावली. हात चांगला होता, त्याबद्दल गावात कुणी शंका घेत नसे. चार हात मारले तशी खाच दिसेनाशी झाली. अंगठ्यानं चाचपलं, मऊ लागलं. तो हसून बाजूला झाला. गोरक्षनं पोलादी पट्टी आणून बेडवर उभी धरली आणि खाली वाकून खिडकीकडे बघितलं. पट्टीखालून उजेडाची एक रेघ येत होती.

"खाली गेलं, दादा. कागद जाईल एवढं खाली गेलं."

"मग हिकडनं थोडं घेतो. म्हंजी बराबर हुईल."

त्यानं इकडून घेतलं. रेघ लांबली. त्यानं तिकडून घेतलं. रेघ जाड झाली. रंगनाथाच्या कपाळावरून घाम बेडवर पडायला लागला, तो बाहीनं पुसायचा आणि पुन्हा कानस लावायचा. शेतात फाळ सूतभर इकडंतिकडं झाला तर माती सांभाळून घ्यायची. इथं माती नव्हती. सांभाळून घ्यायला कुणीच नव्हतं.

"दादा, बास करा," गोरक्ष रडकुंडीला येऊन म्हणाला.

जीपचा आवाज फाटकातून आला.

साहेब पुण्याहून लवकर परतला होता. त्याच्या मागून याकोब मास्तर धावत आले, हाताला अजून कालवण लागलेलं. साहेबानं माणसांकडे बघितलंच नाही. तो सरळ मशिनीशी गेला, गुडघे टेकले, आणि बेडवरून बोट फिरवलं. त्याचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला. लहान पोर जळलेलं बघून माणसाचा पडेल तसा. उठला तेव्हा त्यानं एकच मराठी शब्द विचारला.

"कोण?"

याकोब मास्तरांनी रंगनाथाला ओळखलं होतं. त्याच्या घरची भाकरी त्यांनी खाल्ली होती. पण किल्ली त्यांनीच दिली होती, आणि ती आता गोरक्षच्या मुठीत होती. मास्तरांनी मान खाली घातली. गोरक्षचे ओठ हलले. रंगनाथानं त्या मुठीकडे बघितलं, पोराच्या निळ्या डगल्याकडे बघितलं.

"मी चोर हाय, सायेब," तो म्हणाला.

मास्तरांनी मान वर केली.

"दार ढकललं, उघडं लागलं, शिरलो. हे पितळंचं काय बाय हाय ते काढून न्यायचं हुतं. कानशीनं घासत हुतो. एवढ्यात ह्या पोरानं येऊन धरलं मला."

साहेबानं मशिनीवरच्या कुंकवाकडे आणि नारळाच्या भकलांकडे बोट दाखवलं. रंगनाथ क्षणभरही थांबला नाही.

"आज खंडेनवमी हाय, सायेब. चोर झालो तरी लोखंडाला हात लावायच्या आधी नारळ फोडाया नगं? आमच्यात तशी रीत हाय. बाप बी आसाच करायचा. त्यो लई मोठा चोर हुता."

साहेब याकोब मास्तरांकडे बघत राहिला. शेवटी मास्तरांनी खालच्या मानेनं इंग्रजीतून रंगनाथाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, नारळासकट. साहेबानं डोकं हलवलं. ह्या देशात तो बरंच काही ऐकून होता, त्यात हेही बसलं.

रंगनाथ पारावर बसून इतकी वर्षं बोलला, त्यातलं अक्षर कुणी खरं मानलं नव्हतं. इथं पहिल्या दमात मानलं. मळकी कोपरी, अनवाणी पाय, हातातली कानस, सगळ्यांनी त्याच्या बाजूनं साक्ष दिली.

मग साहेबानं गोरक्षला काहीतरी विचारलं. मास्तर म्हणाले, "साहेब विचारतात, ह्या माणसाला ओळखतोस का."

गोरक्षनं बापाकडे बघितलं.

"सांग की रं," रंगनाथ खेकसला. "मगाशी धरताना तर लई जोर आल्ता."

"न्हाई वळखत," गोरक्ष म्हणाला.

जीपमधूनच त्याला चौकीवर नेलं. हवालदारानं फार त्रास घेतला नाही. सणाचा दिवस, त्यालाही घरी जायचं होतं. त्यानं एकच ठेवून दिली, डाव्या कानावर, आणि रंगनाथाच्या डोक्यात भात्याचा सूंऽ आवाज सुरू झाला, तो मग कधीच थांबला नाही. दसऱ्याला माणसं सोनं लुटत होती तेव्हा त्याला सोडलं. हातोडा आणि कानस शाळेतच राहिली. मागायला जाणार कुठल्या तोंडानं?

कडूबाईला त्यानं सांगितलं, यष्टीतून उतरताना पडलो. तिनं तेल कोमट करून कानात सोडलं.

"गोरख भेटला का?"

"भेटला."

"काय म्हनला?"

"काय म्हनतोय. कामात हुता."

कामावर बन्सीनं परसाद मागितला. सगळे कान टवकारून बसले. रंगनाथ तोंड उघडून राहिला आणि त्याला काहीच सुचलं नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. थापा न मारणारा रंगनाथ कुणी बघितला नव्हता, माणसाला भीतीच वाटावी असं ते होतं. हातोडा नाही म्हटल्यावर बन्सीनं दोन दिवस वाट बघितली, मग भात्याचं काम दुसऱ्या गावच्या लोहाराकडे दिलं.

दिवाळीला गोरक्ष आला नाही. यष्टीच्या कंडक्टरबरोबर मास्तरांचा निरोप आला, पोरगं शाळेतच आहे, काळजी नको. एवढाच. रंगनाथानं तो निरोप रात्रंदिवस चघळला. शाळेत आहे, म्हणजे कसा आहे? साहेबाला संशय येऊन त्याला मशिनीवरून काढला असला तर? झाडलोटीला लावला असला, स्वैपाकघरात लाकडं फोडायला बसवला असला, तरी निरोप हाच येणार. मशिनीवर नाही बसला तर कारखाना कसला न् काय कसलं. पोरगं दोन वर्षांनी हात हलवत परत येणार, ह्याच बाभळीखाली.

आणि हे कुणाला विचारायचं नव्हतं. विचारायला तोंड उघडलं की सगळंच बाहेर पडलं असतं.

संक्रांत झाली. गावात रोज कुणी ना कुणी पोराचं विचारायचं. रंगनाथानं बायकोला म्हटलं, पाथर्डीच्या पलीकडे नवीन रस्त्याचं काम निघालंय, तिकडं जाऊ. तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. पाल टाकून राहायचं, दिवसभर खडी फोडायची. लोहाराचा हात घणाला सरावलेला, बायकांच्या ओळीत बसून एका हातानं दगड धरायचा आणि दुसऱ्यानं छोटी हातोडी मारायची त्याला लाज वाटे. उन्हानं दगड तापायचे. कपची उडून डोळ्याला लागू नये म्हणून तो तोंडाला फडकं गुंडाळून घ्यायचा, नुसते डोळे उघडे. तसं बरं होतं. तोंड दिसत नाही त्या माणसाशी कोण बोलणार?

शिमग्याच्या सुमाराला एक दिवस दुपारी रस्त्यावर धूळ उठली. जीप आली. त्यातून साहेब उतरला, गळ्यात फोटोचा डबा. मागून याकोब मास्तर. आणि मागून निळ्या डगल्यातला गोरक्ष.

कडूबाईच्या हातातून दगड सुटला. "आवं. आपला गोरख."

रंगनाथानं मान खाली घातली आणि हातोडी मारत राहिला.

"बहिरं झालात का? गोरख हाय त्यो."

मास्तर तिथल्या मुकादमाशी बोलून मोठ्यानं सांगत होते. शाळेत नवीन पोरं घ्यायची आहेत, दुष्काळातल्या घरची. शिकलेलं पोर कसं असतं ते दाखवायला हा एक बरोबर आणलाय. "आणि आधीच ज्यांची पोरं आमच्याकडे आहेत, त्या आईबापांनी पुढं या. साहेबांना पोराबरोबर आईबापांचा फोटो काढायचाय. ज्यांनी मशिनी धाडल्या त्यांना पाठवायचाय." हे सांगताना मास्तर लांब डोंगराकडे बघत होते. इथं ह्या पोराचे आईबाप असतील हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

कडूबाई पदर झटकून उठली. रंगनाथानं तिच्या लुगड्याचा काठ धरला.

"बस खाली."

"सोडा. धा मयने झालं पोराला बगून."

"बस म्हनतो ना. त्या सायेबानं मला चोर म्हून धरलाय. मी तसं कबूल केलंय. गोरख म्हनलाय, वळखत न्हाई. तू आई म्हून फुडं गेलीस की सायेब म्हनल बाप बी आना."

ती उभीच राहिली. ऊन तिच्या डोक्यावर, सावली दगडांवर. तिनं नवऱ्याच्या डाव्या कानाकडे बघितलं, मग फडक्यातल्या डोळ्यांकडे.

"ए बाई," मुकादम ओरडला, "उभीच हायेस तर सायेबलोकास्नी पानी आन. टांकीतलं आन, चांगलं."

रंगनाथानं लुगडं सोडलं.

तिनं चरवी भरली. साहेबाला दिलं, तो हात हलवून नको म्हणाला, त्याच्याकडे त्याची बाटली होती. मास्तरांनी तिला बघितलं आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. तिसरा गोरक्ष. त्यानं सवयीनं वाकून ओंजळ तोंडाशी धरली. ती वरून धार सोडत राहिली. दोन घोट गेले असतील, आणि त्याची नजर चरवी धरलेल्या हातांवर आली, बांगड्यांवर, मग वर. त्यानं घोट गिळला नाही. पाणी ओंजळीतून कोपरांवर, कोपरांवरून धुळीत पडायला लागलं. ती ओततच होती.

"ए बाई, पानी सांडतंय," मुकादम म्हणाला. "फुकाट आलंय का?"

साहेब फोटोचा डबा हातात घेऊन दोघांकडे बघत होता.

"पुरं, मावशे," गोरक्ष म्हणाला.

तिनं चरवी सरळ केली. पोरानं निळ्या बाहीनं तोंड पुसलं, ते बराच वेळ पुसत राहिला. आईबाप कुणी पुढं आले नाहीत. साहेबानं नुसत्या रस्त्याचा एक फोटो काढला, आणि जीप वळली.

कडूबाई येऊन आपल्या जागी बसली. दगड मांडीशी ओढला. धूळ खाली बसेपर्यंत दोघांनी खडी फोडली. मग रंगनाथानं तोंडावरचं फडकं खाली केलं.

"हात बगितलं का त्याचं?"

"हात?"

"ओंजळ धरली हुती न्हवं? नखं कशी हुती?"

तिनं आठवलं. "काळी हुती. नखात समदं त्याल बसलेलं. बोटाच्या रेघा बी काळ्या."

"धुतलेली न्हवती?"

"धुतलेली हुती. तरी बी काळी हुती."

रंगनाथानं मान हलवली. फडकं पुन्हा तोंडाला गुंडाळलं.

"म्हंजी मशिनीवर हाय," तो म्हणाला, आणि पुढचा दगड घेतला.